पाळलेल्या बेडकांत नर कोणता आणि मादी कोणती, हे कसं ओळखायचं?

जळगावात माशांच्या दुकानातून आणलेली आफ्रिकन क्लॉड फ्रॉगची जोडी आहे म्हणता, तर आधी वय बघा. वर्षाच्या आतली पिल्लं असतील तर डोकं खाजवण्यात अर्थ नाही, दोन्ही सारखीच दिसतात.

मोठी झाली की मागून बघा. मादीच्या मागच्या दोन पायांच्या मध्ये, शेपटी असावी त्या जागी मांसल बारीक पाकळ्या लोंबतात. नराला त्या नसतात, तिथे सपाट. मादी आकारानेही चांगली मोठी आणि पोटाने रुंद. विणीच्या काळात नराच्या पुढच्या पायांवर आतल्या बाजूने काळपट खरखरीत पट्टा येतो, मादीला धरून ठेवायला. बेडूक हातात घेऊन पिळू नका, काचेतूनही हे दिसतं.

कानाचा पडदा मोजून नर-मादी ओळखायची युक्ती या जातीत चालत नाही, कारण बाहेरून पडदाच दिसत नाही. ती अमेरिकन बुलफ्रॉगसाठी ठीक.

आपल्याकडच्या मोठ्या बेडकात (इंडियन बुलफ्रॉग) नर-मादी ओळखणं त्यापेक्षा सोपं. पहिल्या दमदार पावसानंतर रावेर-यावलकडे शेतात पाणी साचलं की हळदीसारखे पिवळेधम्मक, गळ्याला दोन निळे फुगे असलेले दिसतात, ते सगळे नर. मळकट, थोराड ती मादी. फक्त ते घरी आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्यांना संरक्षण आहे. आणि तुमचे हे आफ्रिकन पाहुणे कंटाळा आला म्हणून गिरणा नदीत सोडू नका.