‘तुझा स्वभावच अभ्यासाचा नाही’

प्रश्न : ताई, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणींना अडलेलं मीच समजावून सांगते, त्यांना चांगले मार्क पडतात आणि मला जेमतेम. धाकटी बहीण शिस्तीची आहे. घरचे म्हणतात, तुझा स्वभावच अभ्यासाचा नाही. खरंच तसं असतं का?

उत्तर : नाही गं. ते वाक्य आधी डोक्यातून काढून टाक.

मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे पाच ढोबळ पैलू मानतात. त्यातल्या एकाचा मार्कांशी सगळ्यात जवळचा संबंध दिसतो, तो म्हणजे हातातलं काम नेटाने आणि वेळेवर पुरं करण्याची सवय. आर्थर पोरोपॅट या संशोधकांनी 2009 मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बुद्धिमत्तेचा वाटा बाजूला काढूनही हा संबंध टिकला. तोही मध्यमच, एवढ्यावरून कुणाचे मार्क सांगता येत नाहीत. बोलकेपणाचा संबंध जवळपास शून्य आणि मनमिळाऊपणाचा अगदी थोडा. म्हणजे तुझ्या माणूसवेड्या स्वभावाला दोष देण्यात अर्थ नाही.

माझी नजर अडली ती दुसरीकडे. पेपरच्या आदल्या रात्री साडेअकरापर्यंत तू फोनवर मैत्रिणीला एक प्रकरण शिकवत होतीस आणि स्वतःची वही बाराला उघडलीस, हे तू पत्रात सहज लिहून गेलीस. दुसऱ्याला शिकवताना आपलंही पक्कं होतं, पण तेवढंच प्रकरण. बाकीची चार तशीच राहिली ना?

दुसऱ्याच्या उपयोगी पडणं तुला मोलाचं वाटतं. ते मुळीच सोडू नकोस, फक्त त्याची वेळ बदल. परीक्षेच्या दोन आठवडे आधी मैत्रिणींना घेऊन बस, एकेक प्रकरण वाटून घ्या आणि त्यांनाही तुला शिकवू दे. आदल्या रात्री फोन आला तर काय बोलायचं ते आजच ठरव : “आता माझं वाचन चाललंय, सकाळी दहा मिनिटं बोलू.” वाक्य तयार असलं की ऐनवेळी भीड आड येत नाही. ही शिस्त सगळीच जन्मजात नसते. विशी-तिशीत ती सरासरीने वाढते, त्यामुळे बहिणीशी तुलना आत्ता नकोच.

एक मात्र तपासून बघ. वही उघडली की छातीत धडधडतं, वाचलेलं पेपरात आठवतच नाही, असं होत असेल तर तो शिस्तीचा प्रश्न नव्हे. मग वेळापत्रकाशी झगडत बसू नकोस, सरळ कॉलेजच्या समुपदेशकांना भेट.