न्यूयॉर्कमध्ये मालगाड्या कुठे आणि कशा बघाव्यात?

क्वीन्समधलं फ्रेश पाँड यार्ड (मालगाड्या उभ्या करायची, जोडायची जागा) गाठा. न्यूयॉर्क अँड अटलांटिक ही छोटी कंपनी 1997पासून लाँग आयलंड रेल रोडच्या रुळांवर मालवाहतूक करते, आणि तिचा कारभार इथूनच चालतो. एम मेट्रोचं शेवटचं स्टेशन, मेट्रोपॉलिटन अव्हेन्यू, जवळच आहे.

वेळापत्रक मागू नका, ते नसतंच. गर्दीच्या वेळी लोकलना प्राधान्य असतं, त्यामुळे मालगाडी तिथे घुसत नाही. सुट्टी सोडून कामाच्या दिवशी जा आणि दोन-तीन तास हाताशी ठेवा. सीएसएक्स या मोठ्या मालवाहतूक रेल्वे कंपनीचे डबे हेल गेट या रेल्वे पुलावरून येतात. जर्सी सिटीहून काही डबे चक्क तराफ्यावर चढून ब्रुकलिनच्या 65व्या रस्त्यावरच्या धक्क्याला लागतात. हा प्रकार जमल्यास पाहाच.

रेल्वे कर्मचाऱ्यांचं रेडिओवरचं बोलणं ऐकायला स्कॅनर घेणार असाल तर 160 ते 162 मेगाहर्ट्झचा पट्टा पकडणारा घ्या. मात्र पोलिसांच्या लहरी पकडणारा स्कॅनर न्यूयॉर्क राज्यात परवान्याशिवाय मोटारीत बसवता येत नाही.

फोटो सार्वजनिक रस्त्यावरून किंवा पुलावरूनच काढा. बहुतेकांचा फोटो कुंपणाच्या जाळीमुळे बिघडतो: कॅमेरा आपोआप जाळीवरच फोकस धरतो. लेन्स जाळीला टेकवा, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडा, फोकस हाताने लावा. शंटिंग (डब्यांची जोडाजोड) संथ असतं, 1/250 सेकंदाचा शटर वेग पुरे. रुळांवर उतरणं हा गुन्हा आहे, शिवाय लोकलच्या मार्गांवर तिसऱ्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या रुळात 750 व्होल्ट असतात.