चार दिवस, एकच गाव

चि. यास अनेक आशीर्वाद,

दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या गावांचा तुझा बेत वाचला. गोर्द, रुसियों, मेनेर्ब, बोनियो, लूरमारें, आणि त्यासाठी भाड्याची गाडी. माझं ऐकशील तर गाडी रद्द कर आणि चारही दिवस सेन्यों या एकाच गावात मुक्काम ठोक. रोज दोन गावं उरकलीस, तर पार्किंग आणि पोस्टकार्डांची दुकानं तेवढी बघून होतील. सुट्टी खर्चून जातोयस, तर एका गावाची सकाळ, दुपार आणि रात्र नीट बघ.

पॅरिसहून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने अविन्यों साधारण पावणेतीन तास, तिथून बसने आप्त या गावी. आप्तपासून सेन्यों चारेक किलोमीटर, पण सगळा चढ. चाकांची बॅग नको, पाठीवरची सॅक घे.

शुक्रवारी पोच, म्हणजे शनिवारी सकाळी आप्तचा बाजार सापडेल. तिथली पाकातली फळं आवर्जून बघ. अख्खी जर्दाळू, चेरी, क्लेमेंटाइन दिवसेंदिवस पाकात मुरवतात. हळूहळू फळातल्या पाण्याची जागा साखर घेते आणि फळ काचेसारखं आरपार दिसू लागतं. मोरावळ्यावर वाढलेल्या माणसाला ही खटपट लगेच कळते. दोन दिवसांची भाजी, चीज, पाव तिथेच घेऊन ठेव, कारण रविवारी दुपारनंतर आणि सोमवारी बरंच काही बंद असतं. दुपारचं जेवण बारा ते दोन. अडीचला गेलास तर उपाशी परतशील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

तू मांस खात नाहीस, म्हणून सांगते. नुसतं 'सॅलड' म्हणून मागवलंस तरी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे निघू शकतात. विचारूनच घे. घेवडा, झुकिनी, तुळशीच्या जातीतलं बासिल, लसूण आणि ऑलिव्ह तेल घातलेलं पिस्तूचं सूप उन्हाळ्यात मिळतं. त्यातही कुणी कुणी मांस घालतात, तेव्हा तिथेही विचार. मिळालं तर पोटभर जेव.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुकानात पाऊल टाकलंस की आधी 'बोंझूर', मग काय हवं ते. आपल्याला गल्ल्यापाशी जाऊन थेट 'एक पाव द्या' म्हणायची सवय. तिथे तो सरळसरळ उद्धटपणा ठरतो. आधी नमस्कार करणाऱ्याशी माणसं मोडक्या फ्रेंचमध्येही बोलत राहतात. गल्लीत समोरून कुणी म्हातारं माणूस आलं तर त्यांनाही कर. तू पाहुणा आहेस, सुरुवात तुझ्याकडूनच व्हायला हवी.

गावात फिरताना मान वर ठेव. प्रोव्हान्समधल्या कित्येक गावांत घंटेवर दगडी छपराऐवजी लोखंडी पिंजरा असतो. रोन नदीच्या खोऱ्यातून येणारा मिस्त्राल वारा त्यातून निघून जातो, अडत नाही. जुन्या शेतघरांच्या उत्तरेच्या भिंतीला खिडक्या जवळजवळ नसतात, त्याचंही कारण हाच वारा.

आणि युद्धस्मारकापाशी थांब. तिथल्या जवळपास प्रत्येक गावात ते असतं. 1914–18, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या वर्षांखालची नावं शेवटपर्यंत वाच. पुष्कळदा एकच आडनाव पुन्हा पुन्हा येतं. लहानशा गावातून एकाच घरातली मुलं गेली म्हणजे त्या शेतांचं काय झालं असेल, याचा विचार कर. 1914 च्या सप्टेंबरात ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली आपल्याकडची पोरंही तिथून फार लांब नसलेल्या मार्सेयच्या बंदरातच उतरली होती. मला ती नावं कोणत्याही किल्ल्यापेक्षा मोठी वाटतात.

एखादं दुसरं गाव बघायचंच असेल तर लूरमारें. लेखक आल्बेर कामूला 1957 मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं, पुढच्या वर्षी त्याने तिथे घर घेतलं, आणि 4 जानेवारी 1960 ला अपघातात गेल्यावर त्याला तिथल्याच दफनभूमीत पुरलं. कबर अगदी साधी आहे. बसच्या वेळा आधी बघून ठेव, त्या विरळ असतात.

तू जुलैत जातोयस. वारा असेल त्या दिवशी वणव्याच्या भीतीने ल्युबेरों डोंगररांगेतल्या जंगलवाटा बंद ठेवतात. डोंगरात जायचं असेल तर आदल्या संध्याकाळीच प्रशासनाची सूचना बघ, आणि बंद म्हटलं तर जाऊच नकोस. खोली घेताना स्वयंपाकघर असलेली घे. ठरलं की कळव.

तुझ्या,
बाई