बाहीवरच्या फिती, खांद्यावरचा आकडा आणि उजवीकडची पदके

प्रश्न : आमच्या पणजोबांचा गणवेशातला फोटो सोबत जोडला आहे. ते पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याच्या लढाईत’ होते आणि सुभेदार होते, असे वडील सांगत. बाहीवर कोपराच्या वर तीन फिती, छातीवर तीन पदके आणि खांद्यावर पितळेत ११७ असा आकडा दिसतो. यावरून नक्की काय सांगता येईल?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आधी हुद्द्याविषयी. कोपराच्या वर, टोक खाली असलेल्या तीन फिती हवालदाराच्या, दोन नाईकाच्या आणि एक लान्स नाईकाची. जमादार आणि सुभेदार यांची खूण बाहीवर नसून खांद्यावर असे, जमादाराला एक तारा आणि सुभेदाराला दोन. म्हणजे फोटो काढला त्या दिवशी आपले पणजोबा हवालदार होते. वडिलांचे सांगणे त्यामुळे खोटे ठरत नाही, कारण फोटो फक्त त्या एका दिवसाचा हुद्दा दाखवतो आणि पुढची बढती पेन्शनच्या कागदांतच सापडायची. फौजेतून परतलेल्या माणसाला गाव एक-दोन पायऱ्या वरचा हुद्दा मायेने बहाल करून टाकते, हेही मात्र मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

आपल्या फोटोत सर्वांत बोलका आहे तो खांद्यावरचा आकडा. १९०३ मध्ये हिंदी फौजेचा तेव्हाचा सरसेनापती किचनर याने हिंदी पलटणींना नवे क्रमांक दिले, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले; त्यामुळे तिसरीची १०३, दहावीची ११० आणि सतरावीची ११७ झाली. १९२२ मध्ये पुन्हा फेररचना होऊन या मराठा पलटणी ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ (लाइट इन्फंट्री म्हणजे हलके पायदळ) या एका रेजिमेंटच्या बटालियन बनल्या, आणि ११७ ही तिची पाचवी बटालियन झाली. तेव्हा शंभरावरचा आकडा दिसला, की फोटो साधारण १९०३ ते १९२२ या काळातला समजावा. आपल्या फोटोत नुसत्या रिबिनी नसून प्रत्यक्ष पदके आहेत, आणि ही पदके शिपायांच्या हाती १९१९ पासून पुढे पडू लागली. म्हणून आपला फोटो या काळाच्या अगदी शेवटच्या तीन-चार वर्षांतला असावा.

तीन पदकांपैकी पहिला चार टोकांचा तारा आहे, आणि तो १९१५ संपण्यापूर्वी रणभूमीवर पोचलेल्यांनाच मिळे. ११७वी पलटण पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा जिथे आहे त्या आजच्या इराकमध्ये गेली आणि तिथल्या कुत-अल-अमारा या गावाच्या वेढ्यात सापडली. २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करली आणि कैद झालेल्यांपैकी कित्येक जण परतलेच नाहीत. आपले पणजोबा त्या वेढ्यात होते, की त्याआधीच जखमी किंवा आजारी होऊन मागे आले होते, हे फोटो सांगणार नाही. पदके घरात असतील तर गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर भिंगाने पाहा. तिथे शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. देवाच्या भांड्यांसारखी चिंच लावून पदके घासू नका, कडेवरची अक्षरे पहिली झिजतात.

प्रश्न : आजीच्या ट्रंकेत एका नऊवारी नेसलेल्या बाईंचा फोटो सापडला. त्यांनी पोलक्यावर उजव्या बाजूला दोन पदके लावली आहेत. फोटो उलटा छापला गेला आहे का? आणि या बाई त्या शिपायाची आई असतील की पत्नी?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : शंका रास्त आहे, कारण निगेटिव्ह पालथी ठेवली गेली की उजवे-डावे बदलते. पुरुषाच्या फोटोत अशा वेळी कोटाचा कोणता पदर वर आहे ते पाहावे. एरवी डावा उजव्यावर येतो. आपल्या फोटोत त्याहून चांगली साक्ष आहे. बाईंचा पदर डाव्या खांद्यावर आहे आणि नथही डाव्या नाकपुडीत आहे. फोटो सुलटाच आहे.

शिपाई स्वतःची पदके डाव्या छातीवर लावतो. तो गेल्यानंतर घरातल्या माणसाने ती लावायची तर उजव्या छातीवर, असा तेव्हाच्या ब्रिटिश आणि हिंदी फौजेतला रिवाज होता. म्हणजे ही पदके बाईंची नव्हेत, आणि ज्याची आहेत तो फोटोच्या वेळी बहुधा हयात नव्हता. दोहोंपैकी एक तारा सहा टोकांचा आहे, त्यामुळे युद्ध दुसरे महायुद्धच. आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश या आघाड्यांचे तारे एकाच घडणीचे असत, फक्त मध्यभागाभोवती आघाडीचे नाव आणि रिबिनीचे रंग वेगळे. तेवढा भाग जास्त रेझोल्यूशनने पुन्हा स्कॅन करून पाठवलात, तर नाव वाचता येण्याची आशा आहे. आई की पत्नी, हे पदकांवरून ठरत नाही. कपाळावर कुंकू नाही म्हणून पत्नीच, असेही धरू नका. इतक्या फिकट छापात कुंकू असले तरी उरत नाही.

प्रश्न : मोबाइलवरच्या ॲपने आजोबांचा जुना फोटो रंगीत करून घेतला. त्यात पटका हिरवा आणि बिल्ला सोनेरी फुलासारखा आला आहे. ही कोणती पलटण?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : हिरवा रंग ॲपचा आहे. फोटो काढायच्या जुन्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्यामुळे लाल कापड काळे उमटे आणि निळे पांढुरके. त्या छटांवरून मूळ रंग सांगणे माणसालाही कठीण. बिल्ल्याचे फूलही ॲपनेच उमलवले आहे. आपण जोडलेल्या मूळ छापात तिथे दोरीला टांगलेला बिगुल आणि त्यावर मुकुट दिसतो. बिगुल ही लाइट इन्फंट्रीची खूण असून अनेक ब्रिटिश पलटणीही ती वापरत, म्हणून एवढ्यावरून मराठा पलटण म्हणणे घाईचे होईल. मुकुटामुळे मात्र बिल्ला १९५० पूर्वीचा ठरतो, कारण प्रजासत्ताक झाल्यावर त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मूळ फोटोची मागची बाजूही पाठवा. पुठ्ठ्यावर बेळगावच्या (तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र) किंवा बसऱ्याच्या स्टुडिओचा ठसा असला, तर तो बिल्ल्याहून जास्त सांगेल.