फोन काढून घेतला, कार्ड मात्र चालूच

“आईला ऑनलाइन फसवलं. आता तिला स्मार्टफोन ठेवू द्यायचा की साधा बटणांचा द्यायचा?” हा प्रश्न घेऊन येणारी मुलं-मुली समुपदेशन केंद्राला आता नवी नाहीत. त्यातलीच ही एक हकीकत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू ६८ वर्षांच्या. तालुक्याच्या गावी एकट्या राहतात, फॅमिली पेन्शनवर. मुलगा-सून पुण्यात. एका संध्याकाळी मेसेज आला: मागचं बिल अपडेट नाही, रात्री ९.३० ला वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा. काकूंनी केला. समोरच्याने एक अ‍ॅप टाकायला लावलं आणि “नोंदीसाठी फक्त १० रुपये भरा” म्हणून लिंक पाठवली. काकूंनी तिथे डेबिट कार्डाचा नंबर भरला. ते अ‍ॅप फोनचा स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं होतं, त्यामुळे ओटीपी विचारायचीही त्याला गरज पडली नाही. दोन व्यवहारांत ४८,००० रुपये गेले.

काकू ११ दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. कळल्यावर मुलगा म्हणाला, “तुला कळत नाही तर हात कशाला लावतेस?” आणि फोन घेऊन गेला. नातीचे व्हिडिओ कॉल थांबले. भजनी मंडळाच्या सरावाची जागा बदलल्याचा मेसेज ग्रुपवर पडला. काकू जुन्या घराचं कुलूप बघून परत आल्या. त्यानंतर त्यांनी भजनाला जाणंच सोडलं.

पहिली भेट काकूंची एकटीची घेतली. त्या तासाभरात काय-काय झालं ते ओळीने कागदावर लिहायला सांगितलं. “मी मूर्खपणा केला” एवढंच त्या आधी म्हणत होत्या. लिहिताना वेगळंच निघालं: फ्रिजमध्ये महिन्याचं इन्सुलिन होतं. रात्रभर वीज नसेल तर ते खराब होईल, ही धास्ती. म्हणजे घाई उगाच नव्हती, धास्ती खरी होती; खोटी होती ती मुदत. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. हे काकूंनी स्वतःच्या हाताने जुन्या बिलाच्या मागे लिहून घेतलं. “म्हणजे रात्रीचं कुणी येत नाही,” त्या म्हणाल्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा चिडल्या. स्वतःवर नाही, त्या माणसावर.

दुसऱ्या भेटीला मुलगा तो फोन घेऊन आला. चालू करून बघितला, तर ते अ‍ॅप अजून तिथेच. बँकेने नवं कार्ड दिलं होतं, पण त्यावरही ऑनलाइन व्यवहार सुरू, आणि ते जोडलेलं पेन्शनच्याच खात्याला. फोन हिरावला गेला, दार मात्र सताड उघडं! हे आम्हाला वरचेवर दिसतं: राग वस्तूवर निघतो आणि खरी दुरुस्ती राहून जाते.

मग तिथेच बसून कामं केली. अ‍ॅप काढलं. बँकेच्या अ‍ॅपमधून कार्डाचे ऑनलाइन व्यवहार बंद केले, एटीएम चालू ठेवलं. पेन्शनचं खातं यूपीआयपासून तोडलं. दुसऱ्या बचत खात्यात ३,००० रुपये ठेवून फक्त तेच जोडलं. गेलेच तर तेवढेच जातील. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये टू-स्टेप पिन लावला आणि अनोळखी कॉल सायलेंट केले. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही, हे काकूंकडून दोनदा वदवून घेतलं.

सराव हळूहळू. पहिला आठवडा फक्त व्हिडिओ कॉल. दुसऱ्या आठवड्यात भाजीवालीला क्यूआरवरून २० रुपये. तिथे गाडी अडली, कारण मुलगा रोज रात्री फोन करून “आज कुठे दिले?” विचारू लागला. काकूंनी पुन्हा फोन कपाटात टाकला. तेव्हा असं ठरलं की रविवारी त्यांनीच आठवड्याच्या नोंदी मुलाला वाचून दाखवायच्या. मधे त्याने विचारायचं नाही. त्याला हे जड गेलं.

तक्रार उशिरा झाली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर जास्त पैसे अडवता आले असते. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळत असते. जिथे अजून शिल्लक असेल तिथेच ती गोठवता येते. काकूंचे ६,००० च्या आसपास एका खात्यात अडकलेले सापडले, ते परत मिळण्याचा अर्ज चालू आहे. ११ दिवस गप्प का राहिलात, असं विचारलं तेव्हा उत्तर आलं, “तो काय म्हणेल ते मला माहीत होतं.” मुलगा समोरच बसला होता.

भजनी मंडळाच्या ग्रुपवर काकू परत आल्या आहेत. विजेचं बिल मात्र त्या अजून खिडकीवर रांग लावून रोख भरतात. मुलाची त्यावर कुरकुर असते. रांगेत दोन मैत्रिणी भेटतात, असं काकूंचं म्हणणं. ते तसंच राहू द्या, असं आम्ही त्याला सांगितलं.