मुलाचे फोटो काढताना एकच डोळा शार्प येतो. ५० एमएम एफ १.८ लेन्सवर डेप्थ ऑफ फील्ड ताब्यात कशी ठेवायची?

लेन्स बिघडलेली नाही, दुरुस्तीला टाकू नका. क्रॉप बॉडीवर, म्हणजे छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ५० एमएम, एफ १.८ आणि मूल एक मीटरवर असेल, तर जेमतेम तीन सेंटिमीटर डेप्थ मिळते, म्हणजे पुढे-मागे तेवढ्याच पट्ट्यातलं शार्प येतं. मान जरा तिरकी झाली की लांबचा डोळा गेलाच. मागे सरका. अंतर दुप्पट केलं की डेप्थ जवळजवळ चौपट होते. दोन मीटरवर ती अकरा-साडेअकरा सेंटिमीटर भरते. लोक अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा लहान तितकं ते मोठं आणि डेप्थ कमी) फिरवत बसतात आणि पाय जागचे हलवत नाहीत.

पण तुम्ही खाली लिहिलंय की मित्र म्हणतो, ‘१.८ ची लेन्स १.८ वरच वापरायची असते.’ ते वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. मी ज्यांच्या हाताखाली लग्नाची कामं शिकलो, त्या सिनिअरचं हेच म्हणणं. ‘एवढे पैसे काय ५.६ वर काढायला घातले?’ असं ते भर कार्यालयात विचारायचे. तीन वर्षं मी त्यांचं ऐकलं.

साताऱ्याकडचं एक लग्न. मुलीचे वडील ती लहान असतानाच गेलेले, मामांनीच तिला वाढवलेलं. मंगलाष्टका सुरू झाल्या. अंतरपाटाच्या अलीकडे हार घेऊन मुलगी, तिच्या पाठीशी मामा, शेजारी कऱ्हा-दिवा घेतलेली करवली. मी फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ८५ एमएम लावून तीन मीटरवर उभा, एफ १.८. मुंडावळ्यांचा मोती न् मोती मोजून घ्यावा असा आला. गालाला चिकटलेला अक्षतेचा एक तांदूळसुद्धा आला. त्या सेटिंगला डेप्थ साधारण तेरा सेंटिमीटर, आणि मामा हातभर मागे. ‘तदेव लग्नं’ होईपर्यंत मी पन्नासेक फ्रेम मारल्या. प्रत्येकीत मामांच्या जागी फेट्याचा गुलाबी गोळा. ते रडत होते, हे मला नंतर व्हिडिओ बघताना कळलं.

अल्बम न्यायला मुलीची आई आल्या होत्या. एकच पान त्यांनी तीन-चारदा मागेपुढे केलं, त्या गुलाबी डागावर अंगठा ठेवला आणि विचारलं, ‘दादाचा यात एकही फोटो नाही का हो?’ सिनिअर म्हणाले, ‘ते बॅकग्राउंड आहे ताई, मुलगी बघा कशी उठून दिसतेय.’ सख्ख्या भावाला बॅकग्राउंड म्हणाले. फोटो माझे होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

त्याच जागेवरून ३५ एमएम, एफ ५.६ वर काढलं असतं, तर साधारण दोन मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं फोकसमध्ये आलं असतं: मुलगी, मामा, करवली, मागे उभी असलेली आईसुद्धा. भोक लहान म्हणून प्रकाश कमी, त्यामुळे आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० वरून ४००० च्या घरात गेला असता, फोटोत ग्रेन, म्हणजे दाणे, आले असते. येऊ द्यायचा. ग्रेन नंतर बराच काढता येतो. इतका ब्लर झालेला चेहरा कुठल्याही सॉफ्टवेअरने खराखुरा परत आणता येत नाही.

सिनिअरचं दुसरं आवडतं वाक्य, ‘सगळं शार्प म्हणजे पासपोर्ट फोटो.’ अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि एडवर्ड वेस्टन या दिग्गजांनी १९३२ साली सॅन फ्रान्सिस्को परिसरात फोटोग्राफरांचा गट काढला, त्याचं नावच ‘एफ ६४’, म्हणजे अगदी बारीक अ‍ॅपर्चर. जवळपासून लांबपर्यंत सगळं लख्ख दिसावं, हा त्यांचा आग्रह होता. तेव्हा मला हे माहीत असतं तर तिथल्या तिथे सुनावलं असतं.

अर्थात त्यांचे कॅमेरे मोठ्या प्लेटचे. तुमच्या क्रॉप बॉडीवर एफ ११ च्या पलीकडे डिफ्रॅक्शनमुळे (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे) सगळंच मऊ पडायला लागतं, तिकडे जाऊ नका. ३५ लावून चेहरा ८५ एवढाच मोठा दिसेल इतकं जवळ गेलात, तर त्याच अ‍ॅपर्चरला डेप्थ पुन्हा जवळपास तेवढीच मिळते; वाइड लेन्स जादू करत नाही. वरचे आकडे अंदाजाचे, मोठी प्रिंट काढली तर आणखी कमी धरा. आणि १.८ वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत आणि कूलर असला की मीही उघडतो. पण मागे माणूस असेल तर आधी विचार करतो.

तुमच्या मुलासाठी: दीड मीटर अंतर, एफ ४, सिंगल फोकस पॉइंट जवळच्या डोळ्यावर. चौदा सेंटिमीटर डेप्थ मिळेल, दोन्ही डोळे येतील. फोकस लॉक करून फ्रेम हलवू नका, इतक्या जवळून तेवढ्यानेही डोळा सुटू शकतो. मागचं धूसरच हवं असेल तर मुलाला भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणा. आणि आजीच्या मांडीवर बसला असेल तर आजीला थोडं पुढे वाकायला सांगा, दोघांचे चेहरे एका रेषेत आणा आणि ५.६ करा. मित्र काही म्हणो.