खाडीतला चिखल आणि शेलमधला वायू

प्रश्न : ओहोटीच्या वेळी आमच्या खाडीतल्या काळ्या चिखलात पाय रुतला की बुडबुडे येतात. शेल खडकातला नैसर्गिक वायू असाच तयार झाला का? तो कोकणच्या कातळातही असेल का?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : आपण योग्य ठिकाणी पाहिले आहे, कारण शेल हा मुळात असाच गाळ. कांदळवनाच्या कडेचा चिखल चिमटीत चोळून पाहावा. तो वाळूसारखा खरखरीत नव्हे, लोण्यासारखा मऊ लागतो, कारण इतके बारीक कण संथ पाण्यातच तळाशी बसतात. वरून करडा दिसणारा हा थर वीतभर उकरला की काळा निघतो. तिथे प्राणवायू पोहोचत नाही, त्यामुळे पालापाचोळा आणि शेवाळ पुरते कुजत नाही. (या चिखलाला येणारा कुजक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक असलेल्या शुद्ध मिथेनला वास नसतो.)

प्राचीन समुद्रांच्या तळाशीही सूक्ष्म जीवांचे अवशेष असेच गाळात गाडले गेले. मात्र आपल्या बुडबुड्यांतला मिथेन जिवाणू तयार करतात, तर शेलमधला बहुतेक वायू उष्णतेने तयार झाला आहे. थरावर थर साचत गाळ काही किलोमीटर खोल गेला, दाबाने त्यातले पाणी निघून पापुद्रे सुटणारा खडक झाला आणि अवशेषांचे केरोजेन नावाच्या घन सेंद्रिय पदार्थात रूपांतर झाले. भूगर्भात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. सुमारे ६० ते १२० अंशांपर्यंत केरोजेनपासून मुख्यतः तेल सुटते. त्याहून अधिक तापले की केरोजेन आणि तेल दोन्ही फुटून मिथेन बनू लागतो. अमेरिकेतल्या मार्सेलस या वायू देणाऱ्या शेल थराचा गाळ सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीचा आहे.

शेलची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की बराचसा वायू जन्मस्थानीच अडकून राहतो. म्हणूनच आडवी विहीर खोदून, पाणी व वाळू प्रचंड दाबाने सोडून खडकाला भेगा पाडाव्या लागतात.

आता कोकणाविषयी. आपला काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आणि जांभा त्याच्याच झिजेतून झालेला. तप्त लाव्हात सेंद्रिय गाळ कुठून असणार? समुद्रात मात्र चित्र वेगळे आहे. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे तेल आणि वायू प्रामुख्याने चुनखडकातून काढले जातात, पण ते तिथे जन्मलेले नाहीत. आसपासच्या अधिक जुन्या, खोल गाडलेल्या शेलमधून सुटून ते चुनखडकात येऊन साठले आहेत.